मार्सेल्सच्या पायऱ्यांवरील रात्र

पुणे, ता. १२ डिसेंबर १९५३

चि. माधव यास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे मार्सेल्सचे पत्र पावले. नोत्र दाम द ला गार्दच्या टेकडीवरून दिसणारा इफ बेटावरील किल्ला, जुन्या बंदराच्या धक्क्यावर सकाळी मासळी विकणाऱ्या बायका, इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास तेथे उतरलेले ग्रीक दर्यावर्दी, हे सारे तू तपशीलवार लिहिलेस. मात्र पॅरिसची गाडी चुकल्यावर, ओव्हरकोट क्लोकरूममध्ये कुलूपबंद असता, सां-शार्ल स्टेशनाबाहेरच्या त्या १०४ पायऱ्यांवर मिस्त्रालच्या वाऱ्यात तू उघड्यावर रात्र काढलीस, ही कैफियत आम्हांस साठ्यांच्या मुलाच्या पत्रातून कळावी, याला काय म्हणावे? साठ्यांनी ती ओसरीवर मोठ्याने वाचली आणि वहिनी काही न बोलता उठून आत गेल्या.

१७२० साली, व्यापाऱ्यांच्या मालाचा खोळंबा नको म्हणून, एका जहाजाचा क्वारंटाइन सैल करण्यात आला आणि प्लेगाने जवळजवळ निम्मे शहर नेले, हे तूच मला लिहितोस. मग एका रात्रीने काय बिघडते, असे तुला वाटले तरी कसे? आपल्या घराण्याची छाती तुला ठाऊक आहे. दादांचा खोकला याच वयात सुरू झाला, आणि त्यांनीही तो असाच दडवला होता.

१९१० च्या जुलैत सावरकरांनी त्याच बंदरात बोटीवरून समुद्रात उडी घेतल्याची वार्ता आली, तेव्हा मी शाळेत होतो. नकाशावरील तो ठिपका त्या दिवसापासून मनात घर करून बसला. पुढे विलायतेस जाण्याचा योगही जुळत आला होता. परंतु दादांचे दुखणे विकोपास गेले, मी कलेक्टर कचेरीत चिकटलो आणि दप्तरे बांधण्यासोडण्यात उमेदीची वर्षे सरली. दादांविषयी तक्रार नाही. पण ते बंदर पाहावयाचे राहिले ते राहिलेच.

असो. रागाच्या भरात लिहावयास बसलो होतो, तो आता ओसरला. १९४३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जर्मनांनी हजारो रहिवाशांस बाहेर काढून बंदरालगतची जुनी वस्ती सुरुंगांनी उडविली, तेथे नव्या इमारतींच्या परांच्यांखाली एक म्हातारा तुला आपल्या घराचा उंबरा कोठे होता ते छडीने दाखवीत होता, एवढा मजकूर मी तुझ्या काकूस दोनदा वाचून दाखविला. ही नजर तुला दादांची आली आहे; छातीही त्यांचीच आली असेल, या भयाने एवढा तगादा.

काकूने विणलेला गळपट्टा बोटीच्या टपालाने रवाना केला आहे. रंग पसंत नसला तरी वापर. खोकला असल्यास आईस नको, पण मला खरे कळव. ईस्टरला नेपल्सला जाण्याचा बेत मात्र रहित करू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची तजवीज करून मुक्कामापुरते पैसे पाठवितो. ते पुस्तकांत घालवू नकोस, रात्री छपराखाली नीज, आणि तेथले बंदर मला सविस्तर लिही.

तुझा,
आप्पाकाका