अब्बांची वही

मुलांनो, आमच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर एक जुनी वही आहे. तिचा पुठ्ठा फाटला, तेव्हा अम्मीने जुन्या लुंगीचे कापड लावून तो शिवला. ही वही माझ्या अब्बांची. तिच्यात घरखर्चाचा हिशेब नाही आणि शेरशायरीही नाही. प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले आहेत. उजवीकडे तारीख, मध्ये 'नहार मुँह' आणि डावीकडे 'खाने के बाद'. मराठीत यालाच 'उपाशीपोटी' आणि 'जेवणानंतर' असे म्हणतात. पहिले पान २००४ सालचे आहे. मी तेव्हा नववीत होते, म्हणजे जवळजवळ तुमच्याच वयाची.

अब्बा मालेगावात पॉवरलूमवर कामाला होते. बारा तासांची पाळी, सुट्टी फक्त जुम्याला. त्या उन्हाळ्यात त्यांना फार तहान लागू लागली. रात्री ते चार-पाच वेळा लघवीला उठत. भूक चांगली असूनही अंग उतरत चालले होते. शेजारच्या बायका म्हणाल्या, "नजर लागली आहे." अब्बा म्हणत, "लूमची गरमी आहे, दुसरे काही नाही." शेवटी हाताला झालेली एक साधी जखम महिनाभर भरेना, तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले. उपाशीपोटी रक्तातली साखर २६८ निघाली. हा आकडा १२६ किंवा त्याहून जास्त असेल आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच आला, तर मधुमेह आहे असे डॉक्टर मानतात.

तुमच्या घरात या आजाराला 'शुगर' म्हणत असतील. उर्दूत त्याचे नाव जियाबेतस. हा शब्द मूळचा ग्रीक, तो अरबीतून आपल्याकडे आला. मराठीत म्हणतात मधुमेह. मधु म्हणजे शहद. या रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या देशातल्या जुन्या वैद्यांनी फार पूर्वी पाहिले होते. अकराव्या शतकात इब्न सीना यांनी 'अल-कानून' या ग्रंथात या आजाराचे वर्णन केले आहे. आजार जुनाच आहे. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात त्याचे सुमारे दहा कोटी रोगी आहेत.

शरीरात नेमके काय बिघडते? तुमच्यापैकी ज्यांच्या घरी लूम आहेत, त्यांना हे लवकर कळेल. समजा, गोदामात सूत खच्चून भरले आहे. पण कांडी भरणारा माणूसच आला नाही. मग सूत असूनही लूम रिकामे राहील. आपण जे खातो, त्याची साखर होऊन ती रक्तात येते. ती पेशींपर्यंत पोहोचवायला इन्सुलिन लागते. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, उर्दूत लबलबा. तिथे इन्सुलिन तयार होते. ते नसेल तर रक्त साखरेने भरते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. म्हणूनच अब्बा पोटभर खाऊनही वाळत होते.

काही मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचाच नाश होतो. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. त्यात पहिल्या दिवसापासून इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. अब्बांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा. त्यात इन्सुलिन असते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि वर्षे जातात तसे तेही कमी पडू लागते. हा प्रकार फार जणांना होतो. घराण्यात आजार असणे, पोटावरची चरबी, बैठे काम ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अब्बा दिवसभर उभे असत, तरी त्यांना झाला. त्यांच्या वालिदांनाही होता.

आता जेवणाची गोष्ट. मला वाटते, औषधापेक्षा ती अवघड आहे. सुई दोन मिनिटांत टोचून होते. ताट रोज तीन वेळा समोर येते.

डॉक्टरांनी अब्बांना विचारले, "गोड किती खाता?" अब्बा म्हणाले, "मुळीच नाही. ईद किंवा शादी असेल तेव्हाच." ते खोटे बोलत नव्हते. पण त्यांनी चहा मोजला नव्हता. लूमवर दिवसाला दहा कप चहा होई. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. तुम्हीच गुणाकार करा. एका चमच्यात चार ग्रॅम धरले तरी ऐंशी ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जात होती. शिवाय चहाबरोबर पाव, दुपारी ताटभर भात, रात्री नान. भात आणि मैदा गोड लागत नाहीत, पण पोटात गेल्यावर त्यांचीही साखरच होते.

पहिल्या महिन्यात अम्मीने अब्बांसाठी वेगळे जेवण केले. फिकी भाजी, एक भाकरी, काकडी. आम्ही भावंडे त्याच दस्तरखानावर पुलाव खात होतो. अब्बा काही बोलत नसत. पण ते लवकर उठू लागले. मग एक दिवस बाहेर जेवून येऊ लागले. अम्मीच्या लक्षात आले, की आपण त्यांना आपल्याच घरात पाहुणा केले आहे. तिने वेगळे पातेले बंद केले. आता सगळ्यांच्याच ताटात अर्धी जागा भाजीची आणि काकडी-मुळ्याची झाली. पाव जागेत डाळ, अंडे किंवा गोश्त. उरलेल्या पाव जागेत भात किंवा बाजरीची भाकरी. बिर्याणी बंद झाली नाही. ती छोट्या थाळीत आली. आम्ही आधी कुरकुर केली, हे कबूल करते.

सल्ला देणारे पुष्कळ होते. दादी म्हणे, "एक घास खा बेटा, एका घासाने काय होते?" तिच्या त्या प्रेमापुढे डॉक्टरही हरले असते. कोणी सांगितले, साखर सोड आणि गूळ खा. गुळातही बहुतेक साखरच असते, रक्त त्यात भेद करत नाही. एका नातेवाइकाने कारल्याचा रस सुरू करायला आणि गोळ्या बंद करायला सांगितले. अब्बांनी दोन महिने गोळ्या घेतल्या नाहीत. वहीत त्या दिवसांचा आकडा ३४० आहे. कारल्याची भाजी खुशाल खा, पण ती गोळीच्या जागी चालत नाही.

अब्बाही काही कमी नव्हते. तपासणीच्या आधी दोन दिवस ते कडक परहेज करत. आकडा चांगला येई, डॉक्टर खूश होत. तुमच्यातले काही जण परीक्षेच्या आदल्या रात्रीच पुस्तक उघडतात, तसेच हे. मग डॉक्टरांनी दुसरी तपासणी लिहून दिली. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांना साखर चिकटते. त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर कळते. त्या दिवशी अब्बांची चोरी पकडली गेली. घरी आल्यावर ते खूप वेळ हसत होते.

पण सगळेच हसण्यासारखे नव्हते. आठ-दहा वर्षांनी त्यांचे पाय रात्री जळू लागले. अंगारावर ठेवल्यासारखे, असे ते सांगत. चादरीचा स्पर्शही सहन होत नसे. जास्त साखर अनेक वर्षे राहिली, की पायांच्या नसा खराब होतात. बाहेरून पाय अगदी ठीक दिसत. त्यामुळे लोक म्हणत, "तुम्हाला तर काही झालेले दिसत नाही." हे वाक्य त्यांना आगीपेक्षा जास्त लागे. त्या काळात ते आमच्यावर उगाच चिडत. दुखणे रात्रभर जागे ठेवते आणि सकाळी पुन्हा कामाला उभे करते, हे आम्हाला तेव्हा कळत नव्हते.

मग जळजळ कमी झाली. आम्हाला वाटले, बरे झाले. खरे तर पायांना काही कळेनासे झाले होते. २०१५ मध्ये एके दिवशी लूमच्या फरशीवर पडलेला लोखंडाचा तुकडा त्यांच्या अनवाणी पायात घुसला. त्यांना समजलेच नाही. जोहरच्या वेळी वजू करताना पाणी लाल झाले, तेव्हा त्यांनी पाहिले. जखम चिघळली आणि उजव्या पायाचे एक बोट काढावे लागले.

तेव्हापासून ते घरातही चप्पल घालतात. वजूनंतर बोटांच्या बेचक्यातले पाणी मऊ कापडाने टिपतात. अंघोळीचे पाणी किती गरम आहे, हे पायाने नव्हे, कोपराने पाहतात. रात्री इशानंतर माझा मुलगा त्यांच्या तळव्यांखाली छोटा आरसा धरतो आणि दोघे मिळून कुठे फोड, भेग, लाली आहे का ते शोधतात. मुलाला तो खेळ वाटतो.

इतके सगळे घरात पाहूनही मी शाळेत चुकले. तेही तुम्हाला सांगते. चार वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात कविता शिकवत होते. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने तोंडात काहीतरी टाकले. मी रागावले. तिच्या हातातली खडीसाखरेची पुडी काढून टेबलावर ठेवली. ती काही बोलली नाही. पाच मिनिटांनी तिचे हात थरथरू लागले. चेहऱ्यावर थंड घाम आला. मी नाव विचारले, तर ती भलतेच बोलू लागली. तिची मैत्रीण ओरडली, "टीचर, तिला शुगर आहे!" आम्ही तीन चमचे साखर पाण्यात घालून तिला पाजली. पंधरा मिनिटांत ती सावरली.

मधुमेहात साखर वाढते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण सुई घेतल्यावर जेवण उशिरा झाले किंवा फार धावपळ झाली, तर साखर एकदम खालीही जाते. ७० च्या खाली गेली तर लगेच साखर, ग्लुकोज किंवा गोड सरबत द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

तिने शाळेत कोणाला सांगितले का नव्हते? मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अम्मी म्हणते, बाहेर कळले तर पुढे लग्न जमणार नाही." तिच्या कंपासपेटीत परकारशेजारी इन्सुलिनचे पेन होते. मी तिची माफी मागितली. वर्गासमोर, कारण रागावलेही वर्गासमोरच होते.

त्या मुलीच्या वयाच्या एका मुलाची हकीकत मी नंतर वर्गात सांगितली. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९२१ साली फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन मिळवले. त्याआधी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची मुले वाचत नसत. डॉक्टर त्यांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवत, एवढेच. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली. तो हाडांचा सापळा झाला होता. औषध शुद्ध नव्हते, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केले आणि २३ जानेवारीला पुन्हा दिले. या वेळी साखर उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. बेस्ट, कॉलिप आणि बँटिंग यांनी आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. तो जागतिक मधुमेह दिन आहे आणि आपल्याकडे बालदिनही.

२०१६ मध्ये अब्बांनाही इन्सुलिन सुरू झाले. अम्मीचा पहिला प्रश्न होता, "हे डुकरापासून तर बनवत नाहीत ना?" प्रश्न वाजवी होता. पूर्वी इन्सुलिन गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. पण १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करून घेतले आणि १९८२ पासून ते औषध म्हणून मिळू लागले. अब्बांच्या कुपीतले तसेच आहे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, पण बर्फात नाही. आमच्या गावचा उन्हाळा चाळीस अंशांपुढे जातो आणि वीजही जाते. तेव्हा आम्ही ओल्या मडक्यात डबी ठेवून तिच्यात कुपी ठेवतो.

सर्वांत कठीण महिना रमजानचा. कुरआन शरीफने आजारी माणसाला रोज्याची सवलत दिली आहे, हे अब्बा आम्हालाच शिकवत आले. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र त्यांना ते पटेना. एका वर्षी त्यांनी डॉक्टरांना न विचारता रोजा धरला. असरच्या नमाजानंतर ते मशिदीच्या पायरीवर बसले ते उठेनात. साखर ५८ होती. मधुमेहाचे काही रोगी डॉक्टरांच्या सल्ल्याने, औषधाच्या वेळा बदलून रोजे ठेवतात. अब्बांना डॉक्टरांनी आणि इमामसाहेबांनीही नाही सांगितले. ते आता फिदया देतात. पण सहरीला सर्वांच्या आधी तेच उठतात, आम्हाला उठवतात आणि इफ्तारच्या वेळी खजुराची थाळी प्रत्येकापुढे तेच फिरवतात.

मागच्या ईदला अम्मीने शीरखुर्मा केला. अब्बांना सर्वांत छोटी वाटी दिली. त्यांनी तो हळूहळू खाल्ला, वाटी बोटाने पुसली आणि दोन तासांनी यंत्र काढून साखर तपासली. मी नंतर वही उघडून पाहिली. 'खाने के बाद'च्या रकान्यात १९४ होते. त्यापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला होता : ईद.