घर्षण : कुठे घालवावे, कुठे राखावे

शंभर किलोचे पोते जमिनीवरून ओढून बघा. ते सहजासहजी हलत नाही. पोत्याला मागून कुणी धरले आहे काय? कुणीही नाही. मग अडते कुठे? अडते ते पोते आणि जमीन यांच्यामध्ये. दोन वस्तू एकमेकींना टेकल्या आणि एक दुसरीवरून सरकू लागली, की तिला अडवणारा जोर तयार होतो. या जोराला घर्षण म्हणतात.

घर्षण नसते तर बरे झाले असते, असे तुम्हांला वाटेल. पण थांबा. घर्षण नसते तर पाय जमिनीवर ठरला नसता. दोरीची गाठ सुटली असती. भिंतीतला खिळा गळून पडला असता. जात्याचा दगड गुळगुळीत झाला, की दळण भरड पडते. मग जात्याला टाकी लावून घ्यावी लागते. टाकी लावणे म्हणजे दगड पुन्हा खडबडीत करणे. म्हणजे तिथे घर्षण आपल्याला हवे असते.

तेव्हा घर्षण कुठे हवे आणि कुठे नको, हे कळले पाहिजे. त्यासाठी ते किती आहे, हे मोजता आले पाहिजे.

घर्षण मोजायचे कसे?

एक वीट घ्या. तिचे वजन करा. समजा, ते ३ किलो भरले. आता वीट सपाट फळीवर ठेवा. तिला दोरी बांधा. दोरीला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवा आणि हळूहळू आडवे ओढा. वीट हलते त्या क्षणी काटा काय दाखवतो ते पाहा. समजा, काट्याने दीड किलो दाखवले. आता ओढीला वजनाने भागा.

१.५ ÷ ३ = ०.५

हा ०.५ म्हणजे वीट आणि फळी यांच्यामधल्या घर्षणाचा आकडा. पुस्तकात याला घर्षण गुणांक म्हणतात. नाव मोठे आहे, पण अर्थ सोपा आहे. वस्तू हलवायला तिच्या वजनाच्या कितवा हिस्सा जोर लागतो, ते हा आकडा सांगतो. ०.५ म्हणजे निम्मा. ०.१ म्हणजे दहावा हिस्सा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा आकडा एकट्या विटेचा नाही, की एकट्या फळीचा नाही. तो दोघींच्या जोडीचा आहे. फळीवर पाणी, तेल किंवा वाळू पडली, की तो बदलतो.

काट्यावाचून मोजणी

ताणकाटा नसला तरी काही अडत नाही. फळीवर वीट ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. एका ठिकाणी वीट घसरू लागेल. तिथेच थांबा. फळीखाली टेकू द्या. आता दोन मापे घ्या. वरचे टोक जमिनीपासून किती उंच आहे? त्या टोकाच्या बरोबर खालच्या जागेपासून फळीच्या खालच्या टोकापर्यंत जमिनीवर किती अंतर आहे? उंचीला त्या अंतराने भागा. उत्तर तेच, घर्षणाचा आकडा.

समजा, विटेखाली जुन्या टायरचा तुकडा बांधला. फळी ५ फूट लांब आहे. टोक ३ फूट उंच झाल्यावर वीट घसरली. खाली जमिनीवरचे अंतर ४ फूट भरले. ३ ÷ ४ = ०.७५. फुटाने मोजा नाहीतर वितीने मोजा, आकडा तोच येईल. मात्र दोन्हींना माप एकच हवे.

दोन नियम

विटेवर दुसरी वीट ठेवून ओढा. वजन दुप्पट झाले, तसा ओढायचा जोरही दुप्पट लागेल. हा पहिला नियम.

आता एकच वीट घ्या. आधी आडवी ठेवून ओढा, मग कडेवर उभी करून ओढा. कडेवर वीट कमी जागेत टेकते. म्हणून जोर कमी लागेल, असे वाटते ना? पण जोर जवळजवळ तेवढाच लागतो! हा दुसरा नियम. फ्रान्स देशातल्या आमाँताँ नावाच्या शास्त्रज्ञाने हे दोन्ही नियम १६९९ साली मांडले. त्याच देशातल्या कूलाँ याने १७८५ साली आणखी मोजण्या करून ते पक्के केले. त्याने हेही दाखवले, की थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, आणि चालू झालेली वस्तू सरकत ठेवायला बहुधा कमी लागतो. गाडी ढकलणाऱ्याला हे ठाऊकच असते.

घर्षण नको तिथे

बैलगाडीचे चाक आसाभोवती फिरते. तिथे चाक आणि आस घासतात. वंगण नसले तर गाडी करकरते, आस झिजतो, आणि बैलांचा जोर फुकट जातो. वंगणाचा पातळ थर मध्ये आला, की दोन्ही अंगे एकमेकांना थेट घासत नाहीत. घर्षणाचा आकडा पुष्कळ खाली येतो. टायरच्या गाडीत आसावर छऱ्यांची बेअरिंग असते. छरे घासत नाहीत, गडगडतात. म्हणून तीच बैलजोडी जास्त ओझे नेते. वंगणाला चार पैसे लागतात खरे, पण ते बैलाच्या खांद्यावरून वसूल होतात.

घर्षण हवे तिथे

आता जिवाची गोष्ट. मोटारसायकलचा ब्रेक चाकाला थांबवतो. पण गाडीला थांबवते ते टायर आणि रस्ता यांच्यामधले घर्षण. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्याचा आकडा साधारण ०.७ धरू. रस्ता ओला आणि चिखलाचा झाला, की तो निम्म्यावर, म्हणजे ०.३५ वर येऊ शकतो. आता हिशोब पाहा.

ताशी ४० किलोमीटर वेग असेल, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंत :
कोरडा रस्ता : सुमारे ३० फूट
ओला, चिखलाचा रस्ता : सुमारे ६० फूट

यात ब्रेक दाबायला लागलेला वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला, तरी तेवढ्यात गाडी आणखी ३६ फूट पुढे जाते. समोर पोर आडवे आले तर काय होईल, याचा विचार करा.

उपाय आपल्या हाती आहे. वेग निम्मा केला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौथाई होते. ताशी २० च्या वेगाने ओल्या रस्त्यावरही गाडी १५ फुटांत थांबते. दुसरे असे, की ब्रेक एकदम करकचून दाबू नका. चाक अडकून फरफटले, की पकड कमी होते आणि गाडी वळवता येत नाही. तिसरे, टायरच्या खाचा तपासा. खाचांतून पाणी बाहेर निघून जाते. खाचा झिजल्या, की टायर पाण्यावर तरंगल्यागत घसरतो. पहिल्या पावसात तर फारच जपा. रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात कालवून निसरडा राप तयार होतो.

थोडक्यात काय, आसाला वंगण आणि टायरला खाचा, दोन्ही वेळच्या वेळी पाहाव्या.

करून पाहा

१. एकाच फळीवर वीट आधी कोरडी आणि मग साबणाचे पाणी टाकून घसरवा. दोन्ही आकडे वहीत लिहा.
२. तुमच्या जुन्या आणि नव्या चपलेचा आकडा फळीवर काढा. ओल्या फळीवर कोणती चप्पल आधी घसरते?
३. एका पेटीचे वजन ४० किलो आहे. घर्षणाचा आकडा ०.५ आहे. पेटी हलवायला किती किलोची ओढ लागेल?
४. तुमच्या घरात घर्षण हवे अशा तीन जागा आणि नको अशा तीन जागा सांगा.