सारनाथचे सिंह आणि धौलीचा खडक

मेजर झालेल्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर जी सिंहमुद्रा असते, ती मूळची वाराणसीजवळच्या सारनाथची. सम्राट अशोकाच्या स्तंभाचा हा शिरोभाग तेथे १९०४-०५ च्या उत्खननात सापडला. २६ जानेवारी १९५० रोजी तो आपले राष्ट्रचिन्ह झाला. (सिंह चार आहेत, चित्रात मागचा दिसत नाही.) पण सारनाथच्या स्तंभावर कलिंगाचा उल्लेख नाही. तेथील लेख बौद्ध संघात फूट पाडू नये एवढेच सांगतो. युद्धानंतर अशोकाने काय केले, हे पाहायला इतर लेखांकडे जावे लागते.

कलिंगचे युद्ध इ.स.पू. २६१ च्या सुमारास झाले. तेराव्या शिलालेखात अशोक स्वतः हिशेब देतो: दीड लाख लोक देशाबाहेर नेले, एक लाख मारले गेले आणि त्याहून कितीतरी जास्त नंतर मेले. याचे आपल्याला दुःख होते, असेही तो सांगतो. हा भाग आपण इतिहासात शिकतो. मला जास्त महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. हा पश्चात्तापाचा लेख खुद्द कलिंगात कोरलेलाच नाही! ओडिशातील धौली व जौगड येथील खडकांवर अकरा ते तेरा क्रमांकाचे लेख गाळले आहेत.

मग हरलेल्या लोकांसमोर काय ठेवले? दुसरा लेख तेथे आहे. त्यात माणसांवर आणि जनावरांवर उपचार, जेथे औषधी वनस्पती नाहीत तेथे त्या आणून लावणे, रस्त्यांच्या कडेला विहिरी आणि झाडे ही कामे सांगितली आहेत. गाळलेल्या लेखांच्या जागी अधिकाऱ्यांसाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत. सर्व माणसे माझी मुले आहेत. कोणालाही विनाकारण कैद किंवा छळ होऊ नये. न्याय करताना राग, घाई आणि आळस टाळा. तपासणीसाठी दर पाच वर्षांनी अधिकारी फिरतीवर जाईल आणि तिष्य (म्हणजे आपल्या पुष्य) नक्षत्राच्या दिवशी आज्ञा वाचून दाखवली जाईल, अगदी ऐकायला एकच माणूस असला तरी. आमच्या रोजच्या हुकुमांपेक्षा ही शिस्त कडक वाटते.

म्हणजे झाडे, पाणी आणि न्याय एकाच खडकावर आले. मला हे बरोबर वाटते. घरचा माणूस गमावलेल्याला राजाचे दुःख ऐकून काय मिळणार? विहीर आणि निष्पक्ष अधिकारी त्याच्या उपयोगाचे होते.

पुढे, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेला पाचवा स्तंभलेख प्रयागराजच्या स्तंभावर आहे. कासव, साळिंदर, वटवाघूळ आणि नावात गंगा असलेला एक जलचर अशा कितीतरी प्राण्यांना त्याने अभय दिले. विनाकारण जंगल जाळू नये, असेही त्यात आहे. युद्धात निसर्गाची व्यापक, दीर्घकाळ टिकणारी आणि गंभीर हानी करण्यास मनाई करणारा जिनिव्हा करारांचा जोड-करार १९७७ सालचा आहे.

तरीही अशोकाचा न्याय अपुरा होता असे माझे मत आहे. हलवलेले दीड लाख लोक घरी परत पाठवल्याचे कोणत्याही लेखात नाही. कलिंगही परत दिले नाही. जंगलात राहणाऱ्यांना तर तेराव्या लेखात सरळ इशाराच आहे.

आपल्या महाराष्ट्रात नालासोपारा येथे १८८२ मध्ये आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजांच्या शिकारीच्या सहली बंद करून अशोक खेड्यापाड्यांतील लोकांना भेटायला निघाला, हा त्या लेखाचा विषय. तेव्हा कलिंगला दोनच वर्षे झाली होती.