सतरा ते नऊ ठिपके

गुम्मिडिपूंडी,
मार्गळीचा दुसरा आठवडा

चि. मुक्ता हिस,


कल्पाक्कमला रुजू झाल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी शॉपमध्ये होतो. मशिनच्या आवाजात ‘फास्ट रिअ‍ॅक्टर’ एवढंच कानावर पडलं. बाकीचं ताईकडून कळलं, आणि त्याबरोबर तुझी कुरकुरही. एवढं भौतिकशास्त्र शिकून शेवटी भूमितीच वाट्याला आली, दिवसभर संगणकात दंडगोल आणि प्रतलं मांडत बसायचं, असं तू म्हणालीस म्हणे. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून हे पत्र.

मी तुझ्यासारखा शिकलेला नाही. आधी कोल्हापुरात आणि मग इथल्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत, टूलरूममध्ये आयुष्य गेलं. पण तुमच्या पुस्तकांतलं जे झेपेल ते मी वाचत आलोय, आणि कल्पाक्कमचं तर जरा जास्तच. कारण तिथल्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे एकेकाळचे संचालक शिवराम भोजे हे आपल्या कागल तालुक्यातल्या कसबा सांगावचे. फास्ट रिअ‍ॅक्टरच्या डिझाइनमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं घातली, २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेतकऱ्याच्या गावातून माणूस सोडियमच्या भट्टीपर्यंत पोचतो, तर तुला सिलिंडर मांडायचा कंटाळा येऊन कसं चालेल?

आता रांगोळीकडे वळतो. हसू नकोस.

सध्या मार्गळी महिना चालू आहे. पहाटे पाचला आमच्या गल्लीत दारोदारी कोलम, म्हणजे इथल्या रांगोळ्या, पडतात. शेजारची पाट्टी, म्हणजे आजी, तांदळाच्या पिठाचे ठिपके टाकते, कधी मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं फूल खोचते. तुझी मामी तिच्याकडून शिकते आहे. आपल्याकडे ‘१५ ते ८ ठिपके’ म्हणतात ना, तसंच इथेही: मधल्या ओळीत पंधरा, वरखाली एकेक कमी करत आठपर्यंत, आणि प्रत्येक ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या बेचक्यात. आपोआप षटकोन तयार होतो.

परवा मामीने १७ ते ९ चा घाट घातला आणि ठिपके चुकले. मी कागद घेऊन मोजून दिले. मधले १७, आणि दोन्ही बाजूंना ९ पासून १६ पर्यंतचे शंभर-शंभर. एकूण २१७. आकडा बघून मी पीठ सांडायचाच बाकी होतो. तुमच्या ५०० मेगावॅटच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर रिअ‍ॅक्टरच्या एका इंधन-जुडग्यात किती पिना असतात? २१७. तुमच्या जुन्या फास्ट ब्रीडर टेस्ट रिअ‍ॅक्टरच्या जुडग्यात ६१, म्हणजे ९ ते ५ ची रांगोळी. शेजारच्या मद्रास अणुवीज केंद्राच्या बंडलात १९, म्हणजे ५ ते ३. तिथे ते गोल कड्यांत बसवलेले, पण हिशोब तोच: मधे एक, भोवती सहा, त्याभोवती बारा. आणखी एक गंमत बघ: ९ चा घन वजा ८ चा घन, २१७. ५ चा घन वजा ४ चा घन, ६१. हे का होतं ते रविवारी येशील तेव्हा मला समजावून सांग.

पण गमतीवर थांबू नकोस, कारण विचार. फास्ट रिअ‍ॅक्टरमध्ये न्यूट्रॉनचा वेग कमी करायचा नसतो, म्हणून इंधन दाटीवाटीने बसवायचं. गोल पिना चौकटीत मांडल्या तर जागेचा ७८.५ टक्के भाग भरतो, बेचक्यात मांडल्या तर ९०.७ टक्के. म्हणून षटकोन. पण अगदी चिकटवूनही चालत नाही, मधून उष्णता वाहून नेणारा सोडियम वाहायला हवा. म्हणून ६.६ मिलिमीटरच्या प्रत्येक पिनेला १.६५ मिलिमीटरची तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली. अशी १८१ जुडगी, म्हणजे ३९ हजारांवर पिना, आणि प्रत्येकीच्या अंगाशी तेवढीच फट. उलट, मद्रास केंद्रात न्यूट्रॉन मंद करायचा असतो. तिथल्या ३०६ नळ्या एकमेकींपासून जवळजवळ २३ सेंटिमीटर दूर, चौकटीत, आणि मधे जड पाणी. दोन्हीकडे न्यूट्रॉन तोच. त्याला काय करायला लावायचं ते अंतर ठरवतं.

याहून मोठी गोष्ट आहे ती न्यूट्रॉनांच्या गळतीची. ताटात भाताची मूद तशीच राहू दिली तर आतून बराच वेळ गरम राहते. तोच भात पसरला की लगेच निवतो. भात तेवढाच, पण उष्णता बाहेर जायला पृष्ठभाग वाढला. न्यूट्रॉन जन्मतात आकारमानात आणि निसटतात पृष्ठभागातून. म्हणून तेच द्रव्य गोळा केलं तर साखळी अभिक्रिया पेटते, आणि सडपातळ नळीत ठेवलं तर मुकाट राहतं. अणुइंधनाचं द्रावण हाताळणाऱ्या कारखान्यात टाक्या उंच आणि बारीक का, किंवा दोन पत्र्यांमधल्या कप्प्यासारख्या चपट्या का, याचं उत्तर एवढंच. तिथे कुलूप, घंटा, दिवा हे सगळं नंतरचं. पहिला पहारेकरी म्हणजे टाकीचा आकार, कारण तो कधी झोपत नाही.

माणूसच त्याला बाजूला करतो. जपानमध्ये तोकाईमुराला ३० सप्टेंबर १९९९ रोजी तेच झालं. युरेनियमचं द्रावण ठेवायला बारीक, सुरक्षित आकाराचा स्तंभ होता. पण वेळ वाचावा म्हणून कामगारांनी ते बादलीने एका रुंद टाकीत ओतलं. सातव्या बादलीला निळा झोत दिसला. टाकीभोवती थंड पाण्याचं आवरण होतं. ते न्यूट्रॉन परत आत ढकलत राहिलं आणि साखळी सुमारे वीस तास धुमसत होती. ते पाणी काढून टाकलं तेव्हा कुठे ती विझू लागली. दोन कामगार दगावले. त्याआधी १९५८ च्या ३० डिसेंबरला अमेरिकेत लॉस अलामॉसला तर कुणी काहीच ओतलं नव्हतं. टाकीत प्लुटोनियम असलेला थर वर तरंगत होता, तो पसरट होता तोवर शांत. सिसिल केली नावाच्या कामगाराने ढवळणीचं बटण दाबलं, भोवऱ्याने तो थर मध्यभागी जाड झाला, आणि तेवढ्याने घात झाला. माल एक ग्रॅमही वाढला नव्हता. बदलला होता फक्त आकार.

म्हणून माझा पहिला सल्ला: नकाशावरच्या आकारापाशी थांबू नकोस. तापल्यावर, सांडल्यावर, वाकल्यावर, ढवळल्यावर तो कसा होईल, हेही काढून बघ. अमेरिकेतल्या ईबीआर-१ या अणुभट्टीत १९५५ साली गाभ्याचा भाग वितळला, त्यात मोठा वाटा होता तापून आत वाकलेल्या इंधनकांड्यांचा. कांड्या आत झुकल्या, इंधन जवळ आलं, शक्ती वाढली, आणखी तापल्या. ड्रॉइंगमध्ये त्या सरळच होत्या.

दुसरा सल्ला माझ्या स्वतःच्या चुकीतून आलाय. तरुणपणी एका वर्कशॉपमध्ये मी चोवीस स्पेसर प्लेटा केल्या. प्रत्येकीला अधिक-उणे पाच शतांश मिलिमीटरची सूट. माझ्या सगळ्या अधिकच्या बाजूने बसल्या आणि मी खूश: एकही नापास नाही! असेंब्लीला एक मिलिमीटरहून जास्त लांबी वाढीव भरली आणि झाकण बसेना. साहेबाने शिव्या दिल्या नाहीत, नुसता फिलर गेज हातात ठेवला. त्या दिवशी कळलं की तुकडे पास होतात आणि जॉब नापास होतो. तुझ्या षटकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सतरा पिना उभ्या आहेत. एकीची चूक एकीपाशी राहत नाही.

तिसरा सल्ला संगणकाबद्दल. तुमचे माँटे कार्लोचे कोड कोट्यवधी न्यूट्रॉनांचा प्रवास मोजतात, पण ज्या घरात ते फिरतात ते घर तूच बांधून दिलेलं असतं. दोन भिंती एकमेकींत घुसल्या किंवा मधे फट राहिली तर न्यूट्रॉन हरवतो. कोड कधी ओरडतो आणि कधी बिनबोभाट चुकीचं उत्तर पाच दशांश स्थळांपर्यंत देतो. म्हणून रन लावण्याआधी पेन्सिलने छेद काढ. आडवा, उभा, आणि जिथे काही नाही असं वाटतं तिथलाही. भिंतीतून जाणारा पाइप सरळ आहे की त्याला वळण आहे, हे आधी बघ. किरण सरळ जातात, म्हणूनच शिल्डिंगमधल्या वाटा वाकड्या असतात. छेद हाताने काढता आला नाही, तर उत्तरावर सही करू नकोस.

आणि भूमिती म्हणजे खालच्या दर्जाचं काम, हे मनातून काढ. आइन्स्टाइनने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचं बल बाजूला सारून त्या जागी अवकाश-काळाची वक्रता आणली. आपल्या कोल्हापुरात १९०८ साली जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर बनारसला तेच शिकवत राहिले. तू करतेस ते त्याच घराण्यातलं काम आहे. फरक एवढाच की तुझ्या आकृतीजवळ माणसं ड्युटीवर असतात.

मामीने अजून १७ ते ९ नीट जमवलेली नाही. येत्या रविवारी सकाळी ये. चेंगलपट्टूहून लोकल पकडून पार्क स्टेशनला उतर, समोरच सेंट्रल आहे, तिथून गुम्मिडिपूंडीची गाडी मिळते. येताना चौकटीची वही आण. दारात २१७ ठिपके तू टाकायचेस, मी मोजणार. एक जरी चुकला तरी पुसून पुन्हा.

तुझा,
मामा