ऐरणीजवळचे पुस्तक

तुम्ही आता वाचायला शिकलात. चांगले झाले. पण सगळी पुस्तके सगळ्यांच्या कामाची नसतात. बाजारात ज्वारी घेताना आपण मूठभर हातावर घेतो, दाणा दाताखाली धरतो, मगच भाव करतो. पुस्तकही तसेच पारखून घ्यावे. कसे, ते या पाठात पाहू.

आमच्या साक्षरता वर्गात एक लोहार होता. आपल्या धाराशिव जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. जाण्याआधी पुष्कळ लोक त्याच्याकडून कोयते करून घेत. मोटारीच्या जुन्या पाट्याचे कोयते तो करी. एका वर्षी त्यांतले काही कोयते फडातच तुटले. कोयता तुटला की तोड थांबते आणि मजुरी बुडते. गावी परतल्यावर एका बाईने तुटलेले पाते त्याच्या ऐरणीवर ठेवले. ती काही बोलली नाही. तशीच निघून गेली.

लोहार माझ्याकडे आला. मी म्हणालो, "अरे, आता वाचता येतं ना तुला? एखादं पुस्तक आण."

तो सोलापूरला गेला आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. वर सोनेरी अक्षरे होती. दोन दिवसांची कमाई त्यात गेली. आत पाहतो तो सगळी माहिती लेथ यंत्राची! भात्याचे नाव नाही, ऐरणीचे नाही.

तो म्हणाला, "गुरुजी, पुस्तक चांगलंच असंल. पर माज्या कोयत्याचं यात काईच न्हाई."

चूक माझी होती. पुस्तक आण म्हणालो, पण कोणते ते सांगितले नाही.

मग आम्ही दोघे आय.टी.आय.मध्ये गेलो. तुटलेले पाते बरोबर नेले. एकच प्रश्न नेला: पाणी दिल्यावर पाट्याचा कोयता का तुटतो? तिथल्या शिक्षकांनी कपाटातून एक पुस्तक काढले. अनुक्रमणिकेवर बोट फिरवले. 'उष्णता संस्करण' असे प्रकरण सापडले. लोहार ज्याला पाणी देणे म्हणतो, ते याच प्रकरणात येते.

उत्तर असे होते. पाट्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो. ते लाल करून एकदम पाण्यात बुडवले तर तडकण्याची भीती असते. म्हणून ते तेलात विझवावे. विझवलेले पोलाद कडक होते, पण ठिसूळही होते. ते घासून उजळ करावे आणि पुन्हा हळूहळू तापवावे. मग त्यावर रंग चढतात. सुमारे २३० अंशांना फिकट पिवळा, २५५ ला तपकिरी, २७५ ला जांभळा आणि ३०० ला निळा. पिवळ्यावर थांबले तर धार फार कडक राहते. घाव सोसणाऱ्या अवजाराला जांभळा-निळा रंग बरा.

घरी येऊन त्याने आधी टाकाऊ तुकडे घेतले. पिवळ्यावर थांबवलेला तुकडा घणाच्या घावाने मोडला. निळसर जांभळ्यावर थांबवलेला टिकला. त्यानंतरच त्याने कोयत्याला हात घातला.

यावरून पुस्तक निवडण्याच्या काही गोष्टी ध्यानात ठेवा.

१. आधी प्रश्न, मग पुस्तक. आपले काय अडले आहे ते एका ओळीत लिहून न्या.

२. नावाला भुलू नका, अनुक्रमणिका वाचा. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे 'गाव-गाडा' (१९१५) मोठे पुस्तक आहे. त्यात लोहार आणि इतर बलुतेदारांची हकिगत आहे. पण ते लोहाराविषयीचे पुस्तक आहे, लोहारकामाचे नव्हे. हाजरा चौधरी यांच्या इंग्रजी कर्मशाळा-पुस्तकाचे दोन भाग आहेत. घडाई आणि ओतकाम पहिल्या भागात आहे. दुसरा भाग यंत्रांचा आहे. भाग चुकला की पैसे वाया गेले.

३. चित्रे पाहा. इंग्लंडात १९५२ साली 'द ब्लॅकस्मिथ्स क्राफ्ट' हे पुस्तक निघाले. त्यात एकेक पायरी चित्राने दाखवली आहे. भाषा येत नसली तरी लोहाराचा डोळा ते वाचतो.

४. ठाऊक असलेल्या गोष्टीने पुस्तक तपासा. लोखंड सुमारे ७७० अंशांपलीकडे तापले की चुंबकाला चिकटत नाही. असे काही पुस्तकात लिहिले असेल तर भट्टीवर करून पाहा. खरे ठरले तर पुढचेही वाचा.

५. जिवाची काळजी सांगितली आहे का, ते पाहा. जस्त चढवलेला पत्रा भट्टीत घातला तर विषारी धूर निघतो. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी ओतू नये, झाकण टाकावे. जे पुस्तक हे सांगत नाही, त्याच्यावर विसंबू नका.

६. विकत घेण्याआधी मागून पाहा. गावच्या ग्रंथालयात विचारा. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. धातू, पोलाद यांची माहिती विश्वकोशात मराठीत आहे, आणि आता मोबाईलवर फुकट वाचता येते. आय.टी.आय.ची फिटर आणि वेल्डरची पुस्तकेही चाळून पाहा.

पुस्तक भाता ओढत नाही आणि घणही मारत नाही. हात तुमचाच लागतो. पण आजा-पणज्याने जे सांगितले नाही, ते पुस्तक सांगू शकते.

त्या लोहाराने आता एक वही केली आहे. कोणते लोखंड, कशात विझवले, कोणत्या रंगावर थांबवले, कोयता कसा चालला, हे तो रोज लिहितो. दसऱ्याला ऐरण-हातोड्याबरोबर त्या वहीलाही तो हळद-कुंकू वाहतो. मला विचाराल तर त्याच्या कामाचे सर्वांत उपयोगी पुस्तक तेच आहे.

प्रश्न
१. सोनेरी अक्षरांचे पुस्तक लोहाराच्या कामी का आले नाही?
२. लोहाराने आधी टाकाऊ तुकडे का घेतले?
३. तुमच्या धंद्यातला एक अडलेला प्रश्न एका ओळीत लिहा.