आधी गणित, मग कळवळा

हिंगोली, वसमत, सेनगावकडची मुलं-मुली अधूनमधून मला फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, हेल्थ इकॉनॉमिक्सला स्कोप आहे का?’ आणि दुसरा, ‘म्हणजे हॉस्पिटल मॅनेजमेंटच ना?’ दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. दवाखाना कसा चालवायचा हे या विषयात शिकवत नाहीत. आजारपणाचा पैसा कोणाच्या खिशातून जातो, त्या पैशात किती आणि कसं आयुष्य पदरात पडतं, तेवढ्यातच दुसरं काय करता आलं असतं, हे मोजायला शिकवतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र फोनवर मावत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी कळमनुरी तालुक्यातली. घरी हळद आणि सोयाबीन. बी.ए., एम.ए. दोन्ही अर्थशास्त्रात, दोन्ही मराठी माध्यमातून. या विषयाकडे वळले ते घरातल्या एका आजारपणामुळे. २०१३ च्या उन्हाळ्यात मोठ्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. अशा वेळी आमच्याकडे नांदेडच गाठतात. एका खाजगी दवाखान्यात अँजिओप्लास्टी ठरली. तिथे राजीव गांधी जीवनदायी योजनेचा काउंटर होता आणि आमच्याकडे पिवळं कार्डही होतं. काउंटरवरच्या पोराने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, ‘हिंगोली जिल्हा अजून योजनेत बसत नाही, काका.’ त्याचं खरंच होतं. योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. हिंगोलीचा नंबर उरलेल्या राज्याबरोबर नोव्हेंबर २०१३ मध्ये लागला. शेजारच्या खाटेवरचा अर्धापूरचा माणूस योजनेत बरा होऊन घरी गेला, आणि आम्ही दीड एकर गहाण टाकलं.

त्या रागाच्या भरात मी मुंबईला सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेले. त्यात आरोग्य अर्थशास्त्र हा मुख्य भाग होता. राग मुलाखतीपर्यंत उपयोगी पडला. ‘हा विषय का घ्यायचाय?’ या प्रश्नाला माझ्याइतकं खरं उत्तर कोणाकडेच नसावं. पण मुलाखतीनंतर पहिलं सत्र येतं.

वर्गात डॉक्टर होते, दंतवैद्य होते, फार्मसीवाले होते, दिल्लीहून अर्थशास्त्रात ऑनर्स करून आलेली मुलं होती. डॉक्टरांना आजार ठाऊक, दिल्लीकरांना कॅल्क्युलस ठाऊक, आणि मला दवाखाना मागे लागल्यावर घराचं काय होतं ते ठाऊक. परीक्षेत तिसऱ्या ज्ञानाला गुण नसतात. मायकेल ग्रॉसमनने १९७२ मध्ये मांडलेलं प्रतिरूप शिकवायला घेतलं: आरोग्य हे भांडवल आहे, वयाबरोबर त्याची झीज होते, माणूस वेळ आणि पैसा घालून ते भरून काढतो. शरीर झिजतं हे ऊसतोड कामगाराला कोणी सांगायला नको. पण फळ्यावर ते समीकरणांत उतरलं आणि मी वहीत नुसती चिन्हं उतरवत बसले. सांख्यिकीच्या तासाला तर त्याहून वाईट. एम.ए.ला आम्ही सिद्धान्ताचे गुण-दोष मुद्देसूद लिहून पास झालेलो. रिग्रेशनचा तक्ता वाचायची वेळ कधी आलीच नव्हती.

म्हणून सगळ्यात पहिलं सांगणं हे: प्रवेशाच्या आधीचे सहा महिने गणिताला द्या. प्रायिकता, लॉगरिदम, रिग्रेशन, थोडं डेरिव्हेटिव्ह, एवढं आलं तरी पहिलं सत्र अंगावर येत नाही. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. ते आधीच शिकून घ्या. एक्सेल येतं असं सगळेच म्हणतात. पण एखाद्या लसीमुळे दहा वर्षांत किती आजार टळतील आणि त्याला किती खर्च येईल, हे एक्सेलमध्ये मांडायला बसलं की कोणाला किती येतं ते कळतं. इंग्रजीची भीती मला जास्त वाटत होती, ती दिवाळीपर्यंत गेली. गणिताची मात्र स्वतःहून जात नाही.

एक तास लख्ख आठवतो. केनेथ ॲरोचा १९६३ चा निबंध होता, वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा का वागत नाही यावरचा. वर्गातली मुलं ‘माहितीची विषमता’ हे शब्द लिहून घेत होती. मला हिंगोलीचा मोंढा दिसत होता. हळदीचा लिलाव पटला नाही तर आमचे बाबा पोती परत गाडीत टाकतात, चार दिवस थांबतात, वसमतला नेतात. अँजिओप्लास्टीच्या टेबलावरून कोण परत जातो? किती स्टेंट घालायचे हेही विकणाराच ठरवतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या विषयात आपली जागा आहे.

प्रबंधाची वेळ आली तेव्हा मी मनातला जुना प्रश्न बाहेर काढला. नांदेडला योजना आधी आली, हिंगोलीला सोळा महिन्यांनी. दोन्ही जिल्हे शेजारी, पिकं जवळपास सारखी, माणसं एकमेकांची पाहुणी. मग या मधल्या काळात नांदेडच्या घरांवरचा दवाखान्याचा बोजा हिंगोलीच्या तुलनेत किती हलका झाला, हे मोजता यायला हवं. या पद्धतीला ‘डिफरन्स इन डिफरन्सेस’ म्हणतात: दोन्हीकडे आधी काय होतं, नंतर काय झालं, आणि दोन्हीकडच्या बदलांत फरक किती. मार्गदर्शक बाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, ‘डेटा दाखव.’

तिथे घोडं अडलं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची आरोग्यावरची एक फेरी २००४ मध्ये झाली होती आणि पुढची थेट २०१४ मध्ये, म्हणजे हिंगोलीत योजना सुरू झाल्यावर. आणि त्या पाहण्या राज्यासाठी आखलेल्या. एकट्या हिंगोलीबद्दल काही ठामपणे म्हणावं एवढी कुटुंबं त्यात नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्याचे आकडे मिळतात, पण दवाखान्याला पैसा कुठून आणला याचा तपशील मला हवा तसा त्यात नव्हता. प्रश्न उत्तम, पद्धत उत्तम, आकडे नाहीत. कितीतरी प्रबंध असेच मरतात. विषय ठरवायच्या आधी डेटा उघडून बघा, आपल्या जिल्ह्याच्या किती ओळी आहेत ते मोजा, आणि मगच मार्गदर्शकांकडे जा. नमुना सर्वेक्षणाचा मूळ डेटा सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही.

मग मी स्वतःच प्रश्नावली घेऊन आमच्या तालुक्यातल्या गावांत फिरले. जे पुस्तकात नव्हतं ते इथे शिकले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हातात कागद आणि गळ्यात ओळखपत्र असलेला माणूस आमच्याकडे एकाच कामाला येतो: पंचनाम्याला. ‘सोयाबीनचा सर्वे हाय का?’ असं विचारत चार जण गोळा व्हायचे. हे कोणत्याही योजनेसाठी नाही, याने काही मिळणार नाही, हे दर घरी आधी सांगावं लागायचं, आणि ते सांगितल्यावर निम्मी माणसं उठून जायची. जाऊ द्यावी. खोट्या आशेवर दिलेलं उत्तर खोटंच असतं. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी म्हणजे कागदी सोपस्कार, असं मुंबईत वाटायचं. ओसरीवर बसल्यावर तिची गरज पटली.

सरकारी पाहणीत एक प्रश्न असतो: खर्चाचा पैसा कुठून आणला? पर्याय ठरलेले: घरचं उत्पन्न किंवा बचत, कर्ज, मालमत्ता विकून, नातेवाइकांकडून, इतर. २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भागातल्या ८० टक्क्यांच्या आसपास घरांनी मुख्यतः उत्पन्न किंवा बचत सांगितली, कर्ज सांगणारे १३ टक्के. मीही तोच प्रश्न विचारत होते आणि उत्तर यायचं, ‘घरचेच पैसे.’ मी खूण करायचे, पुढे जायचे. चहा झाल्यावर, कागद पिशवीत गेल्यावर एक आजोबा बोलून गेले, ‘हळदीवर उचल घेतली होती आडत्याकडून.’ म्हणजे अजून न काढलेल्या पिकाचे पैसे, ज्यांच्या बदल्यात माल त्याच आडत्याला घालायचा आणि भाव तो म्हणेल तो. त्यांच्या लेखी ते कर्ज नव्हतं, हळद त्यांचीच होती. आकडेवारीत ती ‘बचत’ म्हणून गेली असती. पुढच्या प्रत्येक घरी मी उचलीचा प्रश्न वेगळा विचारला. माझ्या प्रबंधात कौतुक झालं ते तेवढ्याच एका गोष्टीचं, आणि ते दिल्लीकरांना सुचणं अवघड होतं.

दुसरी गोष्ट खर्चच न करणाऱ्यांची. घरखर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर गेला तर त्याला कोसळवणारा खर्च मानतात. ही जगभर चालणारी व्याख्या आहे, संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतही २०२५ पर्यंत तीच होती. आता गुडघ्याने जखडलेली आणि दहा वर्षांत दवाखान्याची पायरी न चढलेली म्हातारी या मोजमापात सुखरूप ठरते, कारण तिचा खर्च शून्य. आकडा घसरलेला दिसला की आनंद मानायच्या आधी हे विचारायचं, की खर्च कमी झाला की जाणंच कमी झालं? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. हा आकडा भाषणांत येतो. तो कसा काढला, घरांच्या खर्चासाठी कोणत्या वर्षाची पाहणी धरली, हे वाचल्याशिवाय तुम्ही तो वापरू नका.

या कामात आपण पहिले नाही, हेही माहीत असावं. डॉ. नोशीर अंतिया यांच्या संस्थेतर्फे रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यात घरोघर जाऊन आजारपणाच्या खर्चाची पाहणी केली, ती १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारपेक्षा लोकच आपल्या खिशातून कितीतरी जास्त खर्च करतात, हे त्यातून ठळक झालं. प्रश्नावली कशी बांधावी हे शिकायला ती आजही वाचावी.

आता प्रवेशाचं. पदवीच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमपत्रिका मागून घ्या आणि त्यात अर्थमिती किती, मूल्यमापन किती, व्यवस्थापन किती ते बघा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, गोवंडीची लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था आहे. तिघींचा बाज वेगळा: पहिलीत धोरण, दुसरीत लोकसंख्या आणि पाहण्या, तिसरीत निखळ अर्थशास्त्र. अभ्यासक्रम दर वर्षी बदलतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रकच खरं. परदेशी जायचं तर इंग्लंडचं यॉर्क विद्यापीठ या विषयाचं माहेर मानतात. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांना उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आधी हातात ठेवा, तहसीलमधून ऐनवेळी काही मिळत नाही.

एक सापळा सांगते. सीनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचं मनात असेल तर पदव्युत्तर पदवी अर्थशास्त्राचीच हवी, शिवाय नेट किंवा सेट. सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन तिथे गेलं तर आधी ‘हा विषय संबंधित आहे का’ यावरच गाडी अडते. माझं एम.ए. आधी झालेलं होतं म्हणून मी सुटले. माझी एक मैत्रीण नाही सुटली.

आणि स्कोप. आरोग्य अर्थशास्त्रज्ञ अशी जाहिरात जिल्हा परिषदेत निघत नाही, पुढेही लवकर निघेल असं वाटत नाही. कामं आहेत ती दिल्लीच्या राष्ट्रीय आरोग्य यंत्रणा संसाधन केंद्रात, २०१७ पासून उभ्या राहिलेल्या आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाच्या केंद्रांत, विमा कंपन्यांत आणि औषध कंपन्यांसाठी हिशेब मांडून देणाऱ्या फर्ममध्ये. सरकारी प्रकल्पांत बहुधा करार असतो आणि तो पुढे वाढेलच असं नाही. पगार खाजगीत चांगला, पण तिथे औषध महाग का असावं याचं समर्थन लिहायची पाळी येऊ शकते. कोणत्या बाजूने हिशेब मांडणार हे ज्याने-त्याने ठरवावं. मी माझं ठरवलं आहे आणि त्यामुळे पुण्यात अजून भाड्याच्या घरात राहते. घरी कर्ज काढून या विषयाला येऊ नका, शिष्यवृत्ती मिळाली तरच या, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी एक मागणं. हिंगोलीत २०२४ मध्ये १०० जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. त्याचं रुग्णालय पुढच्या काही वर्षांत वाढत जाईल. त्याने औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या लोकांचं नांदेडला जाणं कमी होतं का, गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी वाचते का, आडत्याची उचल कमी होते का, हे दहा वर्षांनी कोणीतरी विचारेलच. तेव्हा ‘आधीची स्थिती’ कोणाकडे नसेल, जशी माझ्याकडे नव्हती. सध्या जी मुलं-मुली एम.ए.ला आहेत आणि प्रबंधाला विषय शोधत आहेत, त्यांनी या वर्षीच आपापल्या तालुक्यातली घरं मोजायला घ्यावीत. प्रश्नावली करायला मी मदत करेन.