बावखलांची दुरुस्ती व लहान अनुदानें

वसईच्या पश्चिम पट्ट्यांतील बागाईतदारांना बावखल म्हणजे काय हें सांगावयास नको. परंतु हा लेख इतर तालुक्यांतील वाचकांच्याहि हातीं जाणार असल्यानें थोडा खुलासा करणें इष्ट आहे. बावखल म्हणजे वाडीच्या कडेस खणलेलें, विहिरीहून पुष्कळ रुंद व तळ्याहून पुष्कळ लहान असें उघडें जलस्थान. पावसाळ्यांत सभोंवारच्या जमिनीवरील पाणी त्यांत उतरतें, तेथून हळूहळू रेताड थरांत झिरपतें आणि आसपासच्या विहिरींस पोंचतें. पूर्वीं या पाण्यावर रहाट चालत. पुढें तेलाचीं एंजिनें व नंतर विजेचे पंप आले. होळी-पापडीपासून निर्मळ-आगाशीपर्यंतची केळी, पानवेल, भाजीपाला व फुलें हीं सर्व या गोड्या पाण्याच्या आधारानें वाढलीं.

समुद्र इतका जवळ असतां येथें गोडें पाणी कसें टिकतें, हें नीट समजून घेतल्यावांचून पुढील विवेचन पटणार नाहीं. गोडें पाणी खाऱ्या पाण्यापेक्षां हलकें असल्यामुळें तें जमिनीच्या पोटांत खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीखालीं सुमारें ४० फुटांपर्यंत गोडें पाणी असतें, असा शास्त्रज्ञांचा साधारण हिशेब आहे. म्हणजेच वरची पातळी एक फुटानें उतरली कीं, खालचें खारें पाणी कालांतरानें ४० फूट वर सरकूं शकतें. बावखल बुजविल्यानें एका वाडीचें पाणी जातें एवढ्यावर हें थांबत नाहीं; शेजाऱ्याच्या विहिरीच्या तळाशीं खार चढूं लागतो. तो चढल्याचें पुष्कळदां केळीचीं पानें कडेनें करपूं लागल्यावरच ध्यानांत येतें.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हां पाण्याचा उपसा व जमिनींचें बिनशेतीकरण हे प्रश्न तिच्या मुळाशीं होते. त्यानंतर वस्ती झपाट्यानें वाढली व अनेक बावखलांत भराव पडला. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत वसई-विरार परिसर कित्येक दिवस पाण्याखालीं राहिला, तेव्हां पाणी मुरण्याच्या व सांठण्याच्या जागा गेल्याचा परिणाम सर्वांच्या दृष्टीस पडला. जीं बावखलें शिल्लक आहेत त्यांपैकीं ज्यांत गाळ व जलपर्णी भरली आहे, तीं साफ करणें हें काम एकट्या खातेदाराच्या आवांक्यांतलें नाहीं. आणि मोठ्या सरकारी खात्याच्या दृष्टीनें तें इतकें किरकोळ आहे कीं, त्याकडे लक्ष जाण्याचा संभव कमी. अशा मधल्या कामांसाठींच लहान अनुदानाची पद्धत योग्य होय.

ही पद्धत आपल्या प्रांतास नवी नाहीं. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारनें तालुका डेव्हलपमेंट असोसिएशनांची योजना सुरू केली. तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं संघ स्थापन करून वर्गणी जमवावयाची आणि जेवढी वर्गणी जमेल तेवढीच रक्कम सरकारनें, वर्षास १,००० रुपयांच्या मर्यादेंत, घालावयाची, असा तिचा आराखडा होता. सुधारलेलें बीं, नवीन अवजारें, प्रयोगाचीं शेतें अशीं कामें या संघांनीं करावयाचीं होतीं. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या शेतकी कमिशनच्या १९२८ च्या अहवालांत या संघांची दखल घेतलेली आहे. या योजनेंतील मर्म रकमेच्या आकड्यापेक्षां क्रमांत आहे. आधीं आपली वर्गणी, मग सरकारचा पैसा. जेथें सभासदांनीं कांहींच दिलें नाहीं तेथें सरकारासहि देण्यासारखें कांहीं उरत नसे.

हाच क्रम पुढेंहि दिसतो. २००३ पासून राबविलेल्या जलस्वराज्य प्रकल्पांत गांवानें पाणीयोजनेच्या भांडवली खर्चाचा १० टक्के भाग लोकवर्गणीनें उचलावा अशी अट होती. २०१७ च्या गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार योजनेंत गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यानें करावयाचा होता. गाळाचा फायदा ज्याला त्यानेंच वाहतूक करावी हें न्याय्यच होतें. जागतिक पर्यावरण निधीनें १९९२ सालीं लहान अनुदानांचा स्वतंत्र कार्यक्रम काढला. त्यांत पैसा सरकारांच्या तिजोरींतून न फिरवितां स्थानिक लोकसंस्थांस देण्यांत येतो, व संस्थेनें पैशानें, श्रमानें किंवा साहित्यानें आपला वांटा घालावा अशी अपेक्षा असते. उलटपक्षीं, राज्य शासनाच्या २०१७ च्या गटशेती योजनेंत किमान २० शेतकरी व १०० एकर क्षेत्र अशी अट होती. जेथें वाड्या गुंठ्यांनीं मोजल्या जातात तेथें १०० एकरांचा गट कोठून आणावयाचा? मोठ्या अनुदानाच्या मागें लागून वसईकरानें वेळ दवडूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

किंबहुना, या विशिष्ट कामांत मोठी रक्कम अपायकारकहि ठरूं शकते. पैसा अधिक मिळाला कीं यंत्र अधिक दिवस लावण्याचा मोह होतो, आणि 'आलेंच आहे तर आणखी चार फूट खोल करूं' असें कोणीतरी म्हणतोच. वर सांगितलेला ४० पटींचा हिशेब येथें आठवावा. बावखलाचा मूळ तळ फोडून खालीं गेल्यास गोड्या थराची जाडी कमी होते व उपसा सुरू होतांच खारें पाणी वर ओढलें जातें. सांचलेला गाळ काढावा, मूळचा तळ लागला कीं थांबावें. तळ ओळखण्यासाठीं खणावयाच्या आधीं दोन-तीन ठिकाणीं लोखंडी सळई ठोकून पाहावी. मऊ गाळ संपून सळई घट्ट थरास लागली कीं ती खोली कागदावर नोंदवावी व यंत्र चालविणाऱ्यास ती लेखी द्यावी.

आतां खर्चाचा अंदाज कसा करावा तें पाहूं. समजा, बावखल ६० फूट लांब व ४० फूट रुंद असून सरासरी ३ फूट गाळ काढावयाचा आहे. गाळ ७,२०० घनफूट, म्हणजे ७२ ब्रास झाला. दर ब्रासमागें काढणावळ व वाहतूक यांचे चालू भाव दोन ठिकाणांहून लेखी आणावेत आणि अर्जास जोडावेत. त्याच ७,२०० घनफुटांत एका भरतीस सुमारें २ लक्ष लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे २० टँकर पाणी अधिक मावेल, हेंहि अर्जांत लिहावें. पैसे देणाऱ्यास ब्रासपेक्षां टँकरची भाषा लौकर समजते. गाळ वाडींत टाकण्यापूर्वीं त्याचा नमुना मृदा-परीक्षण प्रयोगशाळेंत पाठवून क्षार पाहावेत. ज्या बावखलांत वस्तीचें सांडपाणी उतरलें आहे तेथील गाळ भाजीच्या वाफ्यांत बिलकुल टाकूं नये, आणि तें सांडपाणी वळविल्याशिवाय साफसफाईवर पैसाहि घालूं नये.

मंडळ कसें असावें, याविषयीं फार खटाटोप नको. सात जणांनीं एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीं संस्था नोंदवितां येते. आपल्या राज्यांत अशा संस्थेस १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणेंहि नोंद करावी लागते व दरवर्षीं हिशेब द्यावे लागतात. सहकारी संस्थेस निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा सभासद लागतात. एकाच बावखलासाठीं नवीन संस्था काढण्यापेक्षां गांवांत चालू असलेल्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेची पोटसमिति नेमून वेगळें बँकखातें ठेवणें सोपें. १९१८ सालीं पतपेढी म्हणून सुरू झालेली बॅसीन कॅथॉलिक बँक ज्या तालुक्यांत उभी राहिली, त्या तालुक्याला खातें व हिशेब यांचें महत्त्व शिकवावयास नको. श्रमदान हाहि आपला वांटा धरला जात असल्यानें हजेरीपट रोजच्या रोज भरावा. मागाहून आठवून भरलेला हजेरीपट तपासनिसाच्या लगेच ध्यानांत येतो.

अडचणीची गोष्ट मालकीची आहे. पुष्कळ बावखलें खासगी जमिनींत आहेत, आणि सार्वजनिक पैसा खासगी खातेदाराच्या जमिनीवर कां खर्च करावा, हा प्रश्न अनुदान देणारा रास्तपणें विचारतो. यास्तव खातेदारानें ठराविक वर्षें तें न बुजविण्याचें व शेजाऱ्यांना ठरलेल्या पाळीनें पाणी देण्याचें लेखी मान्य करावें, हें उत्तम. सातबाऱ्यावर बावखलाची नोंद नसेल तर ती करून घेण्यासाठीं तलाठ्याकडे अर्ज द्यावा. खातेदार हें मान्य करीत नसेल तर दुसरें बावखल पाहावें. ज्यानें सही देण्यास नकार दिला त्याच्या जमिनींत शेजाऱ्यांची वर्गणी पुरूं नये.

देखरेखीचा प्रश्न अनुदान घेण्याच्या आधींच सोडविला पाहिजे. पहिल्या वर्षीं उत्साह असतो. तिसऱ्या वर्षीं जलपर्णी पुन्हां दिसूं लागते व तेव्हां अनुदान संपलेलें असतें. सामाईक विहिरीचा हिस्सा व पाळी हा आपला जुनाच परिचित मार्ग येथें उपयोगी पडतो. समजा, वार्षिक साफसफाईस १५,००० रुपये लागतात व त्या पाण्यावर ३०० गुंठे भिजतात, तर गुंठ्यास ५० रुपये पडले. २० गुंठ्यांच्या वाडीस १,००० रुपये. माणशीं सारखी वर्गणी बसविल्यास लहान वाडीवाला कुरकुर करतो व शेवटीं देत नाहीं. भोंवतालच्या इमारतींतील रहिवासी त्याच भूगर्भांतील पाणी कूपनलिकांनीं उपसतात. त्यांच्या गृहनिर्माण संस्थांकडूनहि वर्गणी मागावी आणि त्यांस हिशेब दाखवावा. कांहीं बागाईतदारांना ही सोबत रुचणार नाहीं, पण पाण्याचा उपसा त्यांना विचारून होत नाहीं हें ध्यानांत घ्यावें.

राहतां राहिली वेळेची गोष्ट. हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपत असल्यानें पुष्कळ अनुदानें मार्चच्या अखेरीस हातीं येतात व लागलीच विनियोगाचा दाखला मागितला जातो. म्हणून मोजमाप, सातबारा, खातेदाराची संमति, दरपत्रकें व वर्गणीचें बँकेंतील शिल्लकपत्र हीं दिवाळीपूर्वींच तयार ठेवावींत. वर्गणीच्या पैशांतून शिमग्यानंतर जलपर्णी काढून घ्यावी. एप्रिलच्या उत्तरार्धांत पाणी सर्वांत खालीं गेलें असतां गाळ काढण्यास लागावें व मेच्या तिसऱ्या आठवड्यापूर्वीं काम पुरें करावें. त्यानंतर एखादी वळवाची सर आली तर कांठाची माती पुन्हां आंत येते. काढलेला गाळ कांठापासून निदान दहा हात दूर टाकावा.